बुडीत खातं

मला एका माणसाचा सूड घ्यायचा होता. थोडेथोडके दिवस नव्हे, सोळा वर्षं घ्यायचा होता. आता सूड म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे तलवार, घोडा, अमावस्येची रात्र असं काहीतरी येणार. तसलं काही मनात आणू नका. घोड्यावर मी लग्नाच्या दिवशी एकदाच बसलो, तेही दोघांनी दोन्हीकडून धरलं होतं म्हणून. अमावस्येला मी बाहेर पडत नाही आणि रात्री दहानंतर मला जागवत नाही. माझा सूड हा कारकुनाचा सूड. तो कामकाजाच्या वेळेत, जेवणाची सुट्टी सोडून आणि शक्यतो रबरी शिक्क्यानेच घ्यायचा असतो.

मी बँकेत आहे आणि वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. त्यामुळे ज्या गोष्टीला जमा आणि नावे अशा दोन बाजू असतात तेवढीच मला समजते. एखाद्याने आपलं वाईट केलं तर त्याचं उट्टं काढावं की सोडून द्यावं, या प्रश्नावर मोठमोठ्या माणसांनी विचार केला आहे. पण त्यांच्यात एकही बँकवाला नव्हता ही माझी तक्रार आहे. वास्तविक हा प्रश्न शुद्ध वसुलीचा. क्षमेचंही तेच. आमच्याकडे 'राइट ऑफ' नावाचा एक प्रकार असतो. लोकांना वाटतं, चला, कर्ज माफ झालं. तसं काही होत नाही. पुस्तकातून ती रक्कम काढून टाकतात, त्यामुळे ताळेबंद गोरागोमटा दिसतो. कर्जदाराची देणेदारी मात्र जशीच्या तशी राहते आणि वसुलीचा माणूस त्याच्या दारात जातच राहतो. 'अहो, मी केव्हाच माफ केलं त्याला' असं छातीवर हात ठेवून सांगणारे जे लोक तुम्हाला भेटतात, त्यांच्यातल्या बहुतेकांनी या अर्थाने माफ केलेलं असतं. विश्वास नसेल तर त्याच माणसाच्या मुलाचं लग्न मोडल्याची बातमी त्यांना सांगून त्यांचा चेहरा पाहावा.

शिवाय कायद्याने पैशाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. तीन वर्षांत दावा केला नाही तर दावा बाद. कर्जदाराने मुदतीच्या आत लेखी कबुली दिली तरच मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, म्हणून तर आम्ही कर्जदारांच्या मागे कागदावर सही द्या, सही द्या म्हणून लागतो. रागाला असली मुदत नसते. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या आपण स्वतःच धनको होतो, स्वतःच ऋणको होतो, त्याच्या वतीने कबुलीवर स्वतःच सही ठोकतो आणि खातं पुन्हा जिवंत! व्याज अर्थात चक्रवाढ.

सुडाच्या बाबतीत आमचं घराणं मात्र अनुभवी आहे. आम्ही मूळचे हिंगोली तालुक्यातल्या नरसीचे. नरसी नामदेव म्हणतात तीच नरसी. गावाबाहेर आमचं थोडं रान आहे, आणि रान म्हटलं की बांध आला, बांध म्हटला की शेजारी आला. माझ्या आजोबांच्या, म्हणजे आबांच्या, काळात शेजाऱ्याने बांध कोरला. किती? तर नांगराचं एक तास. हातभर म्हणा. पुढच्या वर्षी आबांनी त्याच्या बाजूने दीड तास कोरलं. अर्धं तास व्याज. मग त्याने बांधावरची आमची बाभूळ तोडली. आबांनी त्याच्या बैलांची वाट अडवली. प्रकरण हिंगोलीच्या कोर्टात गेलं. तारखा पडू लागल्या. दर तारखेला आबा धुतलेलं धोतर नेसून, शिदोरी घेऊन निघायचे. तिकडून तोही निघायचा. एकच गाडी असल्यामुळे दोघे एकाच गाडीत बसायचे, एकमेकांकडे पाठ करून. आबा गेल्यावर हा वारसा दादांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे आला. दादांनी एकदा हिशोब मांडला होता. वकील, मोजणी, गाडीभाडं, चहापाणी आणि तारखेपायी बुडालेले दिवस धरले तर तेवढ्या पैशांत त्या हातभर जमिनीच्या कितीतरी पट जमीन घेता आली असती. हिशोब पाहून मी म्हटलं, "मग सोडून का नाही दिलं?" दादा माझ्याकडे असे बघत राहिले की वाणिज्य शाखेत जाऊन पोरगं वाया गेलं. म्हणाले, "जमिनीसाठी कोण भांडतंय? त्यानं कोरलं कामून, हे भांडण आहे."

सुडाचं सारं तत्त्वज्ञान या वाक्यात आहे असं मला तेव्हापासून वाटत आलं आहे. गेलेली वस्तू परत मिळवणं म्हणजे सूड नव्हे. तिला वसुली म्हणतात आणि ती सभ्य गोष्ट आहे. सूड त्या 'कामून'साठी घ्यायचा असतो, आणि 'कामून'चं उत्तर समोरच्याकडे बहुधा नसतंच.

आता याच आबांची दुसरी बाजू ऐका. आबा माळकरी होते. आषाढीला पंढरपूर करून यायचे आणि आषाढ वद्य एकादशीला नरसीत परतवारी. पंढरपूरहून परतलेले वारकरी त्या दिवशी नामदेवांच्या दर्शनाला आमच्या गावी येतात. कयाधूच्या काठी नुसती माणसंच माणसं दिसतात. नामदेव नरसीचे, त्यामुळे नामदेवांची प्रत्येक गोष्ट आम्हाला घरातल्या कर्त्या माणसाची म्हणून सांगितली जायची. त्यात औंढ्याच्या देवळाची गोष्ट आबांची विशेष आवडती. नामदेव औंढा नागनाथला गेले आणि देवापुढे कीर्तनाला उभे राहिले. पुजाऱ्यांनी त्यांना तिथून उठवलं. म्हणाले, वाटेतून बाजूला हो, देवळामागे जाऊन काय गायचं ते गा. नामदेव निमूट मागे गेले आणि गायला लागले. देवाला राहवेना. त्याने सगळं देऊळच फिरवलं आणि तोंड नामदेवांकडे केलं. आजही औंढ्याला नंदी देवळाच्या मागे आहे, तो म्हणे त्यामुळेच. ही गोष्ट पंजाबातही पोचली आहे. गुरु ग्रंथ साहिबात नामदेवांची एकसष्ट पदं आहेत, त्यांच्यातल्या एकात ती येते. तिथे नामदेव घोंगडी उचलून देवळामागे जाऊन बसतात.

मी लहानपणी आबांना विचारलं होतं, "मग देवानं त्या पुजाऱ्यांना काय शिक्षा केली?"

"काय करायची? पाठ दाखवली की."

"मारलं न्हाई?"

"पाठ दाखवल्यावर अजून काय मारायचं राहतं, बाळा?"

हे सांगताना आबांचा कंठ दाटून आला होता. मला चांगलं आठवतं, कारण आबा त्याच दिवशी दुपारी बांधाच्या तारखेवरून परतले होते आणि शेजाऱ्याचा वकील आजारी पडल्याची आनंदवार्ता घेऊन आले होते.

आबांना हसण्याचा मला अधिकार नाही. आम्हा नरसीकरांना त्या गोष्टीत नक्की काय आवडतं? नामदेव निमूट मागे गेले ते? खरं सांगायचं तर नाही. देऊळ फिरल्यावर पुजाऱ्यांची जी फजिती झाली असेल ती आवडते. सूड आम्हाला हवाच असतो. फक्त तो परस्पर, वरून, खर्चाशिवाय झाला तर बरा.

नामदेवांना मात्र अपमानाचा अनुभव भरपूर. तेरला गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईंनी काकांना सहज विचारलं, यातली मडकी पक्की कोणती, कच्ची कोणती ते बघा बरं. काकांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर हाणत निघाले. सगळे गप्प बसले. नामदेव चिडले. काकांनी निकाल दिला: हे मडकं कच्चं! चारचौघांत! आमच्या खात्यात असं झालं असतं तर माणूस आधी युनियनकडे गेला असता, मग झोनल ऑफिसला पाच पानी निवेदन धाडलं असतं आणि गोरोबाकाकांची तेरहून बदली होईपर्यंत गप्प बसला नसता. नामदेव रुसले, पंढरपूरला देवाकडे तक्रारही केली. पण अखेर उठून गुरू शोधत औंढ्यालाच गेले आणि तिथे त्यांना विसोबा खेचर भेटले.

आता हे विसोबा कोण? तर परंपरा असं सांगते की हेच ते, ज्यांनी आळंदीला ज्ञानेश्वरांच्या भावंडांना छळलं होतं. मुक्ताबाईला मांडे भाजायला खापर हवं होतं, तर गावात तिला कुणी ते देऊ नये अशी या गृहस्थांनी व्यवस्था केली. मग ज्ञानदेवांनी आपली पाठ तापवली, मुक्ताबाईंनी तिच्यावर मांडे भाजले आणि ते पाहून विसोबा पालटले. कथेतला चमत्कार बाजूला ठेवा; मला तिच्यातला व्यवहार दिसतो. त्या पोरांनी विसोबांचं खातं बंद केलं नाही. दाराबाहेर काढलं असतं तर कोण काय बोलणार होतं? पण मग आमच्या नामदेवांना गुरू कुठला मिळाला असता? आळंदीत न घेतलेल्या सुडाची रक्कम औंढ्याच्या शाखेत जमा झाली. हा विचार मला सुचला तेव्हा मी स्वतःवर बेहद्द खूश झालो होतो. अडचण एवढीच, की तो सुचला त्या काळात माझं स्वतःचं सुडाचं खातं अगदी जोरात चालू होतं.

ते खातं उघडलं कसं ते सांगतो. ज्यांच्या नावे उघडलं ते गृहस्थ अजून हयात आहेत. ते हयात असल्याचा पुरावा तर माझ्याच टेबलावर तयार झाला. म्हणून त्यांचं नाव घेत नाही. बीजगणितातला 'क्ष' म्हणू.

सोळा वर्षांपूर्वी मी एका मोठ्या शहरातल्या शाखेत कॅशियर होतो. क्ष हेड कॅशियर. सकाळी तिजोरीतून कॅश काढून तो आम्हाला द्यायचा आणि आम्ही वहीत सही करायचो. सणाचे दिवस, बाहेर रांग. क्षने पाचशेच्या नोटांची पॅकेटं पुढे सरकवली आणि म्हणाला, पाच आहेत. मी मोजायला हात घातला, तर हसून म्हणाला, "मोजतोस काय? आपल्या माणसावर विश्वास नाही का?" मी सही केली. संध्याकाळी कॅश पन्नास हजारांनी कमी. म्हणजे एक पॅकेट. तेव्हाचा माझा तीन-चार महिन्यांचा पगार. कॅश कमी आली तर कॅशियरने भरायची, हा नियम. मी म्हटलं, सकाळी चारच आली असतील. क्षने शांतपणे वही उघडून माझी सही दाखवली. सौभाग्यवतींच्या पाटल्या गहाण टाकून मी दुसऱ्या दिवशी पैसे भरले.

दीड महिन्याने ते पॅकेट सापडलं. तिजोरीच्या खालच्या कप्प्यात, फाटक्या नोटांच्या पोत्यामागे पडलं होतं. माझे पन्नास हजार मला परत मिळाले, पाटल्याही सुटल्या. तुम्ही म्हणाल, मग झालं की! नाही झालं. मधल्या दीड महिन्यात क्षने सगळ्यांना, अगदी मायेने, एक वाक्य सांगितलं होतं: "पोरगा चांगला आहे हो, पण हात जरा सैल आहे." पॅकेट सापडल्यावर पैसे परत आले, वाक्य परत आलं नाही. वाक्यांना परतीची स्लिप नसते. प्रमोशनच्या मुलाखतीला गेलो तेव्हा समोरच्या एका साहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "ते कॅशचं प्रकरण तुमचंच ना?" मी म्हटलं, "सापडली ती, साहेब." ते म्हणाले, "हो, हो, सापडते." त्यानंतर मी मुलाखतीला बसलो नाही. आजही क्लार्कच आहे.

हेही मी एक वेळ राइट ऑफ केलं असतं. पण ते वाक्य नरसीला पोचलं. आमच्या गावाकडचा एक जण त्या शहरात कामाला होता, त्याच्या तोंडून ते गावात आलं आणि वाटेत जरा धष्टपुष्ट झालं: अमक्याच्या पोरानं बँकेचे पैसे खाल्ले. दादा रोज संध्याकाळी नामदेवांच्या देवळाशी जाऊन पारावर बसायचे. महिनाभर गेले नाहीत. मला काही बोलले नाहीत. मायने फोनवर सांगितलं, "तुझ्या दादांचे गुडघे दुखायलेत." दादांचे गुडघे ठणठणीत होते. बांधाच्या तारखेला ते हिंगोलीला जाऊन आलेच होते.

खातं उघडलं ते त्या दिवशी.

त्यानंतर मी सुडाविषयी पुष्कळ वाचन केलं. बॅबिलोनच्या हम्मुराबी राजाचा कायदा पावणेचार हजार वर्षांपूर्वीचा, काळ्या दगडावर कोरलेला. तो दगड आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. डोळ्याबद्दल डोळा, हाडाबद्दल हाड. आपण त्याला रानटी म्हणतो, पण मला त्यात कमाल मर्यादा दिसली: एका डोळ्याबद्दल एकच, दुसऱ्याला हात लावायचा नाही. आमच्या आबांचं दीड तास तिथे बसलं नसतं. मात्र हा दर बरोबरीच्या बड्या माणसांसाठीच होता. बड्याने साध्या माणसाचा डोळा फोडला तर थोडी चांदी मोजून मोकळा. म्हणजे काउंटरवर दोन रांगा तेव्हाही होत्याच.

आपल्याकडे अश्वत्थाम्याने बापाच्या वधाचा सूड म्हणून रात्री झोपलेल्या पोरांच्या माना कापल्या. अर्जुनाने त्याला बांधून द्रौपदीपुढे आणलं. आणि जिने आयुष्यभर अपमान उराशी धरला होता तीच, पाच मुलं गेलेली बाई, म्हणते की सोडा त्याला, माझ्यासारखी त्याची आई रडायला नको. ही भागवतातली कथा आहे. ती वाचून मी पुस्तक मिटलं आणि दोन दिवस क्षचा विचार केला नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा केला. माझ्याजवळ द्रौपदीचं मन नाही आणि क्षजवळ बहुधा आई नसावी.

इथे कुणी चापेकरांचं नाव काढील. पुण्यात प्लेगच्या दिवसांत घराघरांत शिरून जे चाललं होतं, त्याची दाद मागायला लोकांना दार नव्हतं. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली आणि पुढे तिघेही भाऊ फासावर गेले. त्याला मी सूड म्हणायला धजत नाही आणि त्याच्या शेजारी माझं पॅकेट ठेवायलाही धजत नाही. कारण मला दार होतं. पॅकेट सापडलं त्या दिवशी मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन म्हणू शकलो असतो की क्षने सगळ्यांसमोर आपलं वाक्य मागे घ्यावं. दोन मिनिटांचं काम होतं. मी गेलो नाही, घाबरलो. सोळा वर्षं मी क्षवर जो राग धरला त्यातला काही भाग, ऑडिटच्या भाषेत सांगायचं तर, चुकीच्या खात्यात टाकलेला होता.

तर आता मुख्य प्रकरण. मध्यंतरी मी बदलीने आमच्याच भागातल्या शाखेत आलो. नोव्हेंबर महिना म्हणजे पेन्शनरांचा महिना. दर वर्षी नोव्हेंबरात पेन्शनराने बँकेत येऊन आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायचा असतो. नुसतं जिवंत असून भागत नाही. गेल्या नोव्हेंबरात माझ्या काउंटरसमोर रांग लागली होती आणि तिच्यात काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ पुढे आले. कागद सरकवला. नाव वाचलं. वर पाहिलं. क्ष!

निवृत्त झाल्यावर लेकीजवळ हिंगोलीत राहायला आला होता. केस पांढरे, हाताला कंप. मला त्याने मुळीच ओळखलं नाही. वाचकहो, नियतीचा विनोद पाहा. या माणसाला जिवंत ठरवायचं की नाही हे त्या क्षणी माझ्या हातात होतं.

मी यंत्र पुढे केलं. त्याने अंगठा ठेवला. जुळला नाही. तर्जनी ठेवली. जुळली नाही. म्हाताऱ्यांच्या बोटांच्या रेषा झिजतात. आयुष्यभर नोटा मोजणाऱ्याच्या तर जास्तच झिजत असाव्यात. अशा वेळी साधा कागदी फॉर्म असतो. भरून साहेबांपुढे सही केली की काम होतं. तो फॉर्म माझ्या उजव्या खणात होता. मी खण उघडला नाही.

"जुळत नाहीये. सर्व्हरही स्लो आहे. परत या," मी म्हटलं.

"उद्या येऊ का?"

"उद्या नको. सोमवारी बघा."

"बरं, साहेब," क्ष म्हणाला. मला साहेब म्हणाला! हात जोडले आणि काठी टेकत गेला. सोळा वर्षांच्या खात्यात पहिली जमा पडली. मी शेजारच्या काउंटरवाल्याला चहा पाजला.

संध्याकाळी घरी हे सगळं रंगवून सांगितलं. सौभाग्यवती मेथी निवडत होत्या. पाटल्या त्यांच्या गहाण पडल्या होत्या, तेव्हा दाद मिळेल अशी खात्री होती.

"मग?" त्या म्हणाल्या. "कळलं का त्यांना?"

"काय?"

"तुम्ही सूड घेतलात ते."

"नाही. ओळखलंच नाही ना त्यानं."

"मग तो कसला सूड, अहो? मशीन चालत नाही, सर्व्हर स्लो आहे, सोमवारी या. ही तर तुमच्या बँकेची नेहमीची सर्व्हिस आहे. माझ्या आत्यालाही तुम्ही लोकांनी तीनदा परत पाठवलं होतं. तिनं तुमचं काय घोडं मारलं होतं?"

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. मी म्हटलं, "मेथीला जाडसर चिरून लसूण घाल," आणि बाहेर येऊन बसलो.

मधल्या रविवारी कार्तिकी एकादशी होती. त्याच दिवशी नामदेवांची जयंती. नरसीला गेलो. दादा आता थकले आहेत. त्यांचे गुडघे आता खरोखर दुखतात. त्यांना धरून देवळात नेलं आणि मग पारावर बसवलं. बसल्या बसल्या मी म्हटलं, "दादा, तो भेटला. पॅकेटवाला."

दादांना पॅकेट आठवायला वेळ लागला. मग म्हणाले, "कसा आहे?"

"म्हातारा झालाय. हात थरथरतात."

"तुझ्याकडं काय काम होतं?"

"जिवंत असल्याचा दाखला."

"दिलास?"

मी गप्प. दादांनी माझ्याकडे पाहिलं नाही. समोर बांधाचा शेजारी, म्हणजे आबांच्या शेजाऱ्याचा मुलगा, नातवाचा हात धरून प्रसाद घ्यायला रांगेत उभा होता. दादांचा आणि त्याचा दावा चालूच आहे. दादा म्हणाले, "हिंगोलीहून गाडीत बसून यायचं म्हणजे या वयात तरास आहे रे." मला वाटलं, क्षविषयी बोलतात. मग लक्षात आलं, ते त्या शेजाऱ्याकडे बघत होते. कुणाविषयी बोलत होते, हे मी विचारलं नाही.

सोमवारी क्ष दारातच उभा होता, बँक उघडायच्या आधी. मी खणातून फॉर्म काढला, माझ्याच हाताने भरला आणि त्याला घेऊन साहेबांकडे गेलो. साहेब पोरसवदा आहेत, नियमाला पक्के. विचारलं, "यांना तुम्ही ओळखता?"

"ओळखतो," मी म्हटलं.

क्षने चमकून पाहिलं. "मला? कसं काय?"

मी शाखेचं नाव सांगितलं, साल सांगितलं, माझं नाव सांगितलं. त्याने डोळे बारीक केले. मी वाट पाहत होतो. सोळा वर्षं ज्याची वाट पाहिली ते आता येणार, असं वाटून माझेही हात थोडे थरथरत होते.

"अरे हो, हो!" क्षचा चेहरा उजळला. "ते पॅकेट! सापडलं होतं ना ते?"

"सापडलं होतं."

"बघा! मी तेव्हाच म्हणालो होतो, सापडेल म्हणून." आणि साहेबांकडे वळून म्हणाला, "आमच्या हाताखाली तयार झालेला मुलगा आहे हा."

साहेबांनी सही केली, शिक्का मारला. क्ष कायदेशीररीत्या जिवंत झाला.

जाता जाता त्याला दहा हजार काढायचे होते. माझ्याच काउंटरवर आला. मी यंत्रावर मोजून नोटा पुढे सरकवल्या. त्याने त्या तशाच घडी करून खिशात घालायला घेतल्या.

"मोजून घ्या," मी म्हटलं.

"मोजायचं काय त्यात? आपलाच माणूस."

"तरी मोजा. मोजल्याशिवाय इथून हलू नका."

माझा आवाज जरा चढला असावा, कारण रांगेतल्या दोघांनी वर पाहिलं. क्षने निमूट नोटा पुन्हा बाहेर काढल्या, समोरच्या बाकावर जाऊन बसला आणि अंगठा जिभेला लावून मोजू लागला. हात थरथरत होते, मध्येच गिनती चुकली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. तोंडाने पुटपुटत होता. मी पुढच्या पेन्शनराचा कागद हातात घेतला, पण कान तिकडेच होते; तिसऱ्या वेळी तो विसावर आला तेव्हा मीही त्याच्याबरोबर मनात विसावर होतो.